तेवीस किलो

बॅग मोजायला घरात काटा नव्हता,
म्हणून अरण्येश्वर रस्त्यावरच्या बिराजदार रद्दीवाल्याकडून
स्प्रिंगचा मागून आणला.
"हुक वाकवू नका," तो म्हणाला, "आणि दिवेलागणीला परत."

बॅग अडकवली. सव्वीस, वर थोडं.
शालनमावशी म्हणाली, पुस्तकं काढ.
सगळे आधी पुस्तकंच काढायला सांगतात.
सोऱ्या काढ, असं कुणी म्हणत नाही.

पितळी सोऱ्या. परवा तुळशीबागेत घेतला.
बाई म्हणाली नऊशे. मी गप्प.
मनात भागाकार चालला होता, भागिले आठ, हातचा एक,
सतरा वर्षांची खोड.
तिला ती माझी घासाघीस वाटली.
साडेआठशे. बरं, आठशे. आता तोंडातून काही काढू नका ताई, साडेसातशे.
मी काहीच काढलं नव्हतं.
इतका चांगला भाव मला जन्मात करता आला नव्हता.

गोथेनबर्गला किंमत लिहिलेली असते, तीच द्यायची.
शेवटी यंत्र आभार मानतं.
एखाद्या शनिवारी
दिवसभरात माझ्याशी तेवढंच कुणी बोललेलं असतं.
तक्रार नाही. यंत्राचा आवाज बरा आहे,
थोडा आमच्या भूगोलाच्या बाईंसारखा.

आणि तो सिनेमा.
नाव सांगत नाही, नाक मुरडाल.
मॅटिनीला सात वेळा पाहिला,
सातही वेळा पहिली दहा मिनिटं सोडून,
कारण बाबांना लूना सावलीतच लावायची असे
आणि थिएटरबाहेर सावली एकच, पिंपळाची, नेहमी दुसऱ्या कुणाची तरी.
बॅटरीच्या उजेडामागून खुर्च्या चाचपत आम्ही आत जाऊ तेव्हा
नायक गावी परतलेला असायचा
आणि बहीण त्याच्याशी बोलत नसायची.
का, ते मी माझं ठरवायचे. दर वेळी वेगळं.
एकदा तर ठरवलं, तिचा घसा बसलाय.

गेल्या डिसेंबरात, तिथे साडेतीनलाच काळोख होतो,
लॅपटॉपवर पहिल्यांदा सुरुवातीपासून पाहिला.
कारण होतं. जमिनीचा कागद, त्यावर एक सही.
बस, एवढंच.
मी दहा मिनिटं पुढे ढकलून पुन्हा पाहायला बसले,
पण कळलेलं काही परत करता येत नाही,
पावती असली तरी.

तर भाजणी निघाली, दोन किलो.
मावशी "मला काय, राहू दे" म्हणाली
आणि डबा जरा जास्तच आवाज करून फळीवर ठेवला.
मग बुटांचा जोड. मग चादर.

पुस्तकं दोनच ठेवली होती.
बाबा कॅलेंडरची पानं उलटी करून कव्हरं घालायचे,
आकडे बाहेर, चित्र आत,
आणि पाठीवर नाव लिहायला विसरायचे.
त्यामुळे कपाटात ओळीनं जून, ऑगस्ट, पुन्हा जून.
मी एक जून उचलला, एक ऑक्टोबर.
जूनच्या चौकोनांत दुधाचा हिशेब, त्यांच्या अक्षरात:
एक, एक, खाडा, एक, दीड.
दीड कुणासाठी?
कोण आलं होतं त्या बुधवारी, बासुंदीच्या तोलाचं?
मावशीला विचारलं. म्हणाली, मीच असेन.
मग म्हणाली, नाही, मला कुठली बासुंदी.

बावीस सातशे भरलं. काटा परत नेला.
"झालं बरोबर?" बिराजदार वर्तमानपत्रांचा गठ्ठा आवळत होता.
म्हटलं, तीनशे ग्रॅम हाताशी ठेवलेत.
"हां, सांगायचं राहिलं," दोरीची गाठ दातांत,
"हा काटा साडेतीनशेनं कमी दाखवतो."
आणि लाजला वगैरे नाही.

चढ चढताना हिशेब केला:
तेवीस, वर पन्नास ग्रॅम.
पन्नास ग्रॅमचं काय काढायचं?
कव्हर तेवढं भरलंही असतं कदाचित.

घरी येऊन चंदनाच्या साबणाची एक वडी काढली.
मावशीनं ती लगेच कागद सोलून बाथरूममध्ये ठेवली,
वाटच बघत असल्यासारखी.